कोणी पाठवलं तुला?

अरुण शौरींचं सावरकरांवरचं पुस्तक २०२५ च्या सुरुवातीला आलं आणि पाठोपाठ त्यांच्या मुलाखतींच्या क्लिपा आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरू लागल्या. माझा एक चुलत भाऊ अजून कॉलेजात आहे. त्यानं एक क्लिप टाकून खाली लिहिलं, ‘याला म्हणतात पत्रकार.’ टाळ्या, बदाम, माशाअल्लाह, सगळं येऊन गेलं. दहा मिनिटांनी चाचांचा व्हॉइस मेसेज आला. चाचा रायगड जिल्ह्यातले, सगळी नोकरी एसटीत झालेली, एरवी ग्रुपवर फक्त ‘जुम्मा मुबारक’ टाकतात. आवाज चढलेला नव्हता, पण राग लपत नव्हता. ‘बेटा, हाच तो. यानंच आपल्या अंतुलेसाहेबांना घरी बसवलं. टाळ्या वाजवायच्या आधी विचारत जा, माणूस कोण आहे ते.’

भावानं क्लिप काढून टाकली. विषय मिटला.

माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. भावाला शौरी आवडले, कारण ते भावाला आवडेल असं बोलत होते. चाचांना ते नकोसे होते, कारण त्यांनी चाचांच्या माणसाला पाडलं होतं. त्या माणसानं १९८१ साली नेमकं काय लिहिलं होतं, कशाच्या आधारावर लिहिलं होतं, ते खरं होतं की खोटं, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. मीही तोवर विचारलं नव्हतं. म्हणून वाचायला बसलो.

शौरी मुळात पत्रकार नाहीत. अर्थशास्त्रात पीएच.डी., जागतिक बँकेत नोकरी, आणीबाणीच्या काळात लिहू लागलेले. जानेवारी १९७९ मध्ये रामनाथ गोएंकांनी त्यांना ‘इंडियन एक्सप्रेस’चं कार्यकारी संपादक केलं आणि पुढच्या साधारण चार वर्षांत त्या वर्तमानपत्रानं जे काही छापलं त्यावर आजही पत्रकारितेच्या वर्गात तास घेतले जातात. बिहारमध्ये भागलपूरला पोलिसांनी तीसहून अधिक कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यात ॲसिड ओतलं, ही बातमी १९८० च्या नोव्हेंबरात अरुण सिन्हा या वार्ताहरानं आणली. (हेच सिन्हा पुढे गोव्यात ‘नवहिंद टाइम्स’चे संपादक झाले.) १९८१ मध्ये अश्विनी सरीन यांनी एक बाई चक्क विकत घेऊन दाखवली, बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला. त्यावरून तेंडुलकरांचं ‘कमला’ आलं आणि त्या नाटकानं पत्रकारालाच प्रश्न विचारला, की बातमी झाली, पण त्या बाईचं काय? हा प्रश्न मला शोधपत्रकारितेबद्दल विचारलेला सगळ्यात कठीण प्रश्न वाटतो. पण तो दुसऱ्या लेखाचा विषय आहे.

आपल्याला थांबायचं आहे ३१ ऑगस्ट १९८१ या तारखेवर. त्या दिवशी एक्सप्रेसच्या पहिल्या पानावर शौरींचा लेख आला. शीर्षक होतं, ‘इंदिरा गांधी ॲज कॉमर्स’. इंदिरा गांधींच्या नावाचा व्यापार, असा त्याचा रोख. लेख होता महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांच्यावर.

तुमच्यापैकी जे २००० नंतर जन्मले त्यांना हे प्रकरण समजायला आधी सिमेंट समजून घ्यावं लागेल. आज आपण दुकानात जातो, पैसे टाकतो, टेम्पोत गोणी भरून आणतो. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. भाव सरकार ठरवायचं आणि कोणाला किती गोणी मिळतील तेही सरकारच ठरवायचं. घराला वरचा मजला चढवायचा तरी परमिट लागायचं. टंचाई कायमची, त्यामुळे परमिटचा भाव एक आणि काळ्या बाजाराचा भाव भलताच. मुंबईतल्या बिल्डरच्या दृष्टीनं परमिटची चिठ्ठी म्हणजे रोख रक्कमच. ती चिठ्ठी देण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं शहर. १९८२ च्या फेब्रुवारीत हे नियंत्रण अंशतः उठलं, त्याला बाकीच्या कारणांबरोबर या प्रकरणाचीही पार्श्वभूमी होती असं मला वाटतं.

अंतुलेंनी काही ट्रस्ट काढले होते. त्यातला सगळ्यात मोठा ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’. लेखक-कलावंतांना मदत करायची, असा उद्देश. कोणाला वाईट वाटेल असं त्यात काही नाही. शौरींनी जे मांडलं ते इतकंच, की या ट्रस्टांत कोट्यवधींच्या देणग्या आल्या आहेत, त्या देणाऱ्यांत बिल्डर आहेत, सहकारी साखर कारखाने आहेत, आणि ज्यांनी देणगी दिली त्यांना सरकारकडून काही ना काही मिळालं आहे. बिल्डरांना सिमेंट मिळालं आहे. एका बाजूला देणग्या, दुसऱ्या बाजूला वाटप. दोन याद्या शेजारी ठेवल्या.

मला त्या लेखाची ताकद त्यातल्या संतापात दिसत नाही, आणि शौरींच्या लिहिण्यात संताप कायम भरपूर असतो. ताकद त्या दोन याद्यांत आहे. रागावलेल्या माणसाला तुम्ही म्हणू शकता, की तू आमच्यावर जळतोस. यादीला काय म्हणणार?

प्रकरण विधानसभेत गेलं, संसदेत गेलं, आणि प. बा. सामंत वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्या. बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला. देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध आहे, असं त्यांनी नोंदवलं. जे. जे. रुग्णालयातल्या भेसळीच्या औषधानं झालेल्या मृत्यूंची चौकशी पुढे याच लेंटिन यांनी केली आणि तेव्हाही सरकारची गय केली नाही. निकाल लागला आणि अंतुलेंना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एक्सप्रेसनं त्यांना काढलंही. पुरस्कार आणि बडतर्फी एकाच वर्षात, हे या धंद्यात वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

आता चाचांची बाजू. ती मला खोटी वाटत नाही आणि तिला हसून बाजूला सारण्याचा हक्क कोणाला आहे असंही वाटत नाही.

अंतुले आंबेतचे. कोकणातल्या एका खेड्यातला मुसलमान पोरगा बॅरिस्टर होतो आणि महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होतो. पहिला आणि आजवरचा एकमेव. त्यांच्या दीड-पावणेदोन वर्षांत कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले, संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. ती योजना आजही चालू आहे. आमच्या गावातल्या कितीतरी विधवांच्या घरात त्या पैशानं चूल पेटली, त्यात हिंदू होत्या, मुसलमान होत्या. चाचांच्या पिढीला ‘हा माणूस फाईल अडवत नाही’ असं वाटायचं. मग एक दिवस वर्तमानपत्रात लेख येतो, कोर्टाचा निकाल येतो आणि तो माणूस जातो. त्यानंतर चार दशकं उलटली, दुसरा आला नाही. चाचांनी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या, यात नवल काय?

शिवाय त्यांच्याकडे आणखी एक मुद्दा आहे आणि तो वजनदार आहे. सत्ता वापरून संस्थांसाठी देणग्या गोळा करणं हे काय अंतुलेंनीच शोधून काढलं होतं? शिक्षणसंस्था, साखर कारखाने, ट्रस्ट, प्रतिष्ठानं, महाराष्ट्राचं अर्धं राजकारण या गोष्टींवर उभं आहे. बाकीचे तरले, एकटा मुसलमान बुडाला. असं आमच्याकडे लग्नाच्या जेवणावळीत आजही ऐकू येतं.

कोर्टातली पुढची गोष्टही चाचांच्या बाजूला थोडी झुकते. भाजपचे रामदास नायक यांनी केलेला फौजदारी खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयात पाठवला. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं सांगितलं, की आपलीच चूक झाली, असं करण्याचा अधिकार नव्हता, आरोपीच्या हक्कांवर गदा आली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात, कारण देशातलं सर्वोच्च न्यायालय स्वतःची चूक दुरुस्त करतं असं रोज घडत नाही. जलद खटल्याचा हक्क म्हणजे काय, यावरचा १९९२ चा महत्त्वाचा निकालही अंतुलेंच्याच नावानं आहे. अखेर त्यांना शिक्षा झाली नाही. ते पुढे खासदार झाले, केंद्रात मंत्री झाले, २०१४ च्या डिसेंबरात वारले.

म्हणजे शौरी खोटे ठरले का? नाही. फौजदारी खटल्यात शिक्षा न होणं आणि मुख्यमंत्र्यानं देणगी पाहून सिमेंट वाटलं नव्हतं असं सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचांच्या ‘बाकीचे का सुटले’ या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एवढंच आहे, की बाकीच्यांच्या याद्या कोणी शेजारी ठेवल्या नाहीत. त्याचा अर्थ ती यादी फाडायला हवी होती असा होत नाही. आणखी दहा याद्या हव्या होत्या.

आणि ‘मुसलमान म्हणून पाडलं’ हे मला का पटत नाही तेही सांगतो. त्या लेखाच्या शीर्षकात नाव इंदिरा गांधींचं होतं. भागलपूरच्या वेळी ज्यांची झोप उडाली ते बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र होते. ते वर्तमानपत्र त्या काळात सत्तेवर असणाऱ्या प्रत्येकाच्या मागे होतं. पण खरं कारण वेगळं आहे. ते म्हणजे नेल्ली.

किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी कॉलेजात मित्रांना विचारलं होतं तेव्हा एकालाही माहीत नव्हतं. आसाममध्ये १८ फेब्रुवारी १९८३ ला सकाळी, तेव्हाच्या नगाव जिल्ह्यातल्या नेल्ली आणि आसपासच्या गावांवर हल्ला झाला. ‘परदेशी नागरिक’विरोधी आंदोलन पेटलेलं होतं आणि त्यातच केंद्रानं निवडणूक रेटली होती. मारले गेले ते बंगाली वंशाचे मुसलमान. सरकारी आकड्यानुसारही १,८०० हून अधिक, आणि त्यात बहुतेक बायका-मुलं, कारण पुरुषांना पळता आलं. मेलेल्या माणसामागे पाच हजार रुपये भरपाई मिळाली. शेकडो गुन्हे नोंदले गेले, काहींत आरोपपत्रंही दाखल झाली, मग १९८५ च्या आसाम करारानंतर सगळं गुंडाळलं गेलं. एकालाही शिक्षा झाली नाही.

शौरी तेव्हा एक्सप्रेसमधून बाहेर पडलेले होते, हातात वर्तमानपत्र नव्हतं. ते आसामात गेले आणि मे १९८३ मध्ये ‘इंडिया टुडे’त त्यांनी लिहिलं. काय केलं त्यांनी? परत तेच. प्रशासनाचे स्वतःचे कागद मिळवले. पोलिसांचे बिनतारी संदेश मिळवले. नेल्लीच्या आसपास हत्यारं घेतलेला जमाव गोळा होतोय, अल्पसंख्याक घाबरलेत, ताबडतोब काहीतरी करा, असा संदेश हत्याकांडाच्या तीन दिवस आधी एका ठाण्यातून गेला होता. म्हणजे ‘अचानक उद्रेक झाला, कोणाला कल्पना नव्हती’ हा जो सरकारी सूर होता तो सरकारच्याच कागदानं मोडून निघाला.

नेल्लीच्या मुसलमानांसाठी त्या क्षणी कोणी काय केलं? पुढाऱ्यांनी निवेदनं काढली. जलसे झाले, दुआ झाल्या. त्या सगळ्याची गरज असते, मी नाकारत नाही. पण आज चाळीस वर्षांनी नेल्लीबद्दल जो कोणी गंभीरपणे लिहितो त्याला त्या संदेशापाशी यावंच लागतं. आणि तो मिळवून छापणारा माणूस तोच, ज्यानं अंतुलेंना घरी बसवलं. मुसलमान मुख्यमंत्र्याच्या देणग्यांची यादी आणि मारल्या गेलेल्या मुसलमानांसाठी गेलेला, कोणी न ऐकलेला संदेश, दोन्ही एकाच पद्धतीनं, दीड-पावणेदोन वर्षांच्या अंतरानं.

चाचांना मी नेल्लीचं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मग पुढे त्याला काय झालं?’

हा प्रश्न बरोबर होता. इथपर्यंतच सांगून थांबलो तर मी माझ्या भावाइतकाच भोळा ठरेन.

१९८७ मध्ये शौरी एक्सप्रेसमध्ये परत आले. पुढच्याच वर्षी राजीव गांधी सरकारनं बदनामीविरोधी विधेयक आणलं, तेव्हा त्याविरुद्ध लढणाऱ्यांत ते पुढे होते, आणि सरकारला ते विधेयक सोडून द्यावं लागलं. पण १९८९ च्या फेब्रुवारीत, अयोध्येचं आंदोलन तापत असताना, त्यांनी नदव्याच्या एका जुन्या आलिमांच्या, हकीम अब्दुल हई यांच्या पुस्तकावर लेख लिहिला. मंदिरांच्या जागी मशिदी उभ्या राहिल्याचे उल्लेख मूळ पुस्तकात आहेत आणि नंतरच्या भाषांतरांतून ते गाळले गेले, असा मुद्दा. खरं सांगायचं तर प्रश्न म्हणून तो रास्त आहे. आपल्याच बुजुर्गांनी जे लिहिलं ते आपण गाळलं असेल तर का गाळलं, हे आपल्याला कोणी विचारलं तर चिडायचं कशाला? पण त्या वर्षी देशभरातून अयोध्येला विटा चालल्या होत्या. त्या लेखाचीही वीट झाली. पुढच्याच वर्षी तो मंदिरांवरच्या एका पुस्तकात जाऊन बसला, आणि ते पुस्तक कोणी कशासाठी वाटलं हे सांगायची गरज नाही.

१९९५ मध्ये ‘द वर्ल्ड ऑफ फतवाज’ आलं. १९९७ मध्ये बाबासाहेबांवरचं पुस्तक आलं, त्यावर महाराष्ट्रात किती संताप उसळला ते आपल्या दलित मित्रांना विचारा. मग भाजपची राज्यसभा, वाजपेयींचं मंत्रिमंडळ, निर्गुंतवणूक खातं. आणि अलीकडच्या दहा-बारा वर्षांत मोदी सरकारवर कडाडून टीका, राफेल प्रकरणी सर्वोच्च न्यायालयात याचिका (ती फेटाळली गेली) आणि आता सावरकर. वाचक दर दहा वर्षांनी बदलले. टाळ्या वाजवणारे शिव्या देऊ लागले, शिव्या देणारे टाळ्या.

फतव्यांचं पुस्तक मी चिडून वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर वेगळ्याच कारणानं बेचैन झालो. त्यातले फतवे बनावट नाहीत. मोठमोठ्या संग्रहांतले आहेत. तलाकबद्दल, बायकांबद्दल त्यातलं काही वाचून मलाही लाज वाटली, आणि आपल्यातल्या लोकांनी ते शौरींच्या कितीतरी आधी सांगितलं होतं. हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन विधानभवनावर गेले होते ते तोंडी तलाकविरुद्धच.

पण दलवाईंनी त्या बायकांपासून सुरुवात केली होती. घर सुटलेल्या, पोटगी नसलेल्या, नावागावाच्या बायका. शौरींचं पुस्तक ग्रंथांपासून सुरू होतं आणि ग्रंथांपाशीच संपतं. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीनं दिलेलं मत. ते कोणी पाळलं, कोणी कानाआड केलं, कोणी दुसऱ्या मुफ्तीकडे जाऊन उलटं मत आणलं, हे संग्रहात लिहिलेलं नसतं. ते बघायला मोहल्ल्यात जावं लागतं. सिमेंटच्या वेळी शौरींनी नियमांचं पुस्तक उघडून बिल्डर कसे असतात हे ठरवलं नव्हतं. कोणत्या बिल्डरनं किती दिले आणि त्याला किती गोणी मिळाल्या हे पाहिलं होतं. नेल्लीत त्यांनी आसामी माणूस मुळात कसा असतो यावर प्रबंध लिहिला नव्हता. संदेश कधी निघाला, कोणाकडे गेला, तिथे काय झालं हे शोधलं होतं. एका माणसानं केलेली एक कृती आणि तिचा एक कागद, ही त्यांची पद्धत होती. मुसलमान समाज हा विषय आला आणि ती पद्धत सुटली. कृतीच्या जागी स्वभाव आला. माझी त्यांच्यावरची तक्रार ही आहे. ते आपल्याविरुद्ध लिहितात अशी माझी तक्रार नाही. ते आपल्याबद्दल लिहिताना स्वतःच्याच कसोटीला उतरले नाहीत.

आणि म्हणूनच चाचांचं ‘माणूस कोण आहे ते विचार’ मला अपुरं वाटतं. सूरह हुजुरातमध्ये जे सांगितलंय ते आपण सगळ्यांनी खुतब्यात ऐकलेलं आहे: भरवसा नसलेल्या माणसानं बातमी आणली तर तिची छाननी करा. ती फेकून द्या, असं तिथे म्हटलेलं नाही. बातमी आणणारा फासिक असला तरी बातमी तपासायची. आपण उलट करतो. माणूस तपासतो आणि बातमी सोडून देतो. आपला असेल तर डोळे मिटून फॉरवर्ड, त्यांचा असेल तर डोळे मिटून डिलीट. दोन्ही वेळा डोळे मिटलेलेच.

तुमच्यापैकी अनेकांना पत्रकार व्हायचं आहे, मला मेसेज येतात. त्यातले बहुतेक लिहितात, ‘आपल्या समाजाची बाजू मांडायची आहे.’ मांडा. पण बाजू मांडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. टीव्हीवर रोज संध्याकाळी दाढी-टोपीतला एक बसवलेला असतो आणि तो बाजूच मांडत असतो. याद्या शेजारी ठेवणारे कमी आहेत. १९८१ मध्ये शौरींकडे माहितीचा अधिकार नव्हता. आतल्या माणसांवर, सभागृहातल्या प्रश्नांवर, नशिबावर भिस्त होती. आपल्याकडे २००५ पासून कायदा आहे, महाराष्ट्राचा तर त्याहून आधी होता. दहा रुपये, दीडशे शब्दांत एक विषय, तीस दिवस. उत्तर आलं नाही तर अपील. कायद्याचे दात काढण्याचं काम चालू आहे, खासगी माहितीच्या नावाखाली २०२३ च्या कायद्यानं त्यातलं एक मोठं कलम बदललं, माहिती आयुक्तांकडे अपिलं तुंबलेली असतात, हे सगळं खरं. तरीही तुमच्या तालुक्यातल्या उर्दू शाळेत मंजूर शिक्षक किती आणि हजर किती, हे आजही विचारता येतं. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले आणि किती फेटाळले, हे विचारता येतं. मोर्चात ‘अन्याय होतोय’ ओरडल्यावर साहेब निवेदन घेऊन फाईलला लावतात. आकडा समोर ठेवल्यावर साहेबाला खुर्चीत नीट बसावं लागतं, हे मी पाहिलेलं आहे.

पण विचारायची सवय फक्त सरकारला विचारून लागत नाही. अंतुलेंच्या प्रकरणात आपल्याला बोचतं ते हेच, की कागद आपल्या माणसाचा निघाला. मग आपल्या घरातले कागद? वक्फच्या किती जागा कोणी किती भाड्यानं, किती वर्षांसाठी कोणाला दिल्या? वक्फवर बाहेरून हल्ला झाला की आपण रस्त्यावर येतो, यायलाच हवं. पण आतून ज्यांनी ती जमीन कवडीमोलानं दिली त्यांचं नाव घेताना आपला आवाज बसतो. ‘आपलीच माणसं आहेत, बाहेर बोलायचं नाही.’ १९८१ मध्ये काँग्रेसवालेही हेच म्हणत होते.

आमच्या ग्रुपवरचा तो भाऊ. क्लिप डिलीट केल्यावर तो माझ्याकडे आला, लाजल्यासारखा. आम्ही दोघांनी मिळून शौरींचा जुना लेख आणि अंतुलेंचे निकाल वाचून काढले, त्याला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. काही महिन्यांनी त्यानं एक गोष्ट केली. त्याच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या ट्रस्टचा एक हॉल आहे. लग्न, अकीका, साखरपुडे, वर्षभर चालू असतो. भाडं चांगलं येतं. मदरशाच्या पोरांच्या संडासाला मात्र तीन वर्षं दार नाही. भावानं कमिटीला साधं एका पानाचं पत्र दिलं: हॉलचं वर्षाचं भाडं किती जमा झालं आणि कशावर खर्च झालं, याचा हिशेब नोटीस बोर्डावर लावावा. मुतवल्लीला दरवर्षी वक्फ बोर्डाला हिशेब द्यावाच लागतो, तेव्हा नवीन काही करायचं नव्हतं, तोच कागद बोर्डावर चिकटवायचा होता.

जुम्याच्या नमाजनंतर कमिटीतल्या एका बुजुर्गांनी त्याला बाजूला घेतलं. पैशाबद्दल काही बोलले नाहीत. संडासाच्या दाराबद्दल काही बोलले नाहीत. खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, एकच विचारलं, ‘बेटा, कोणी पाठवलं तुला?’

हे मला चाचांनीच फोन करून सांगितलं. आवाजात पुन्हा तोच शांत राग होता, पण या वेळी तो भावावर नव्हता. पुढच्या जुम्याला ते त्याच्याबरोबर जाणार आहेत. वक्फ बोर्डाला माहितीच्या अधिकारात अर्ज कसा लिहायचा, एवढं विचारायला त्यांनी फोन केला होता. दीडशे शब्दांत बसवताना त्यांची दमछाक होत होती.